मोठे टायर टाकलेत ना, मग आता ॲक्सलच्या गियरचं बघा

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता चढतच जातो, बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे, शेवटच्या टप्प्यात मालवाहू ट्रक उजव्या लेनमध्ये हॅझार्ड लाइट लावून अक्षरशः रांगत असतात. जीप रँग्लरला ३५ इंची टायर टाकल्यावरची आमची पहिली मोठी ट्रिप याच रस्त्याने होती. मागे तंबू, कूलर, दोन पोरं. गाडी आठव्या गियरमध्ये टिकेना, सातव्यात टिकेना, सहाव्यात यायची, जरा वेग धरला की परत सातव्यात, लगेच दम सुटला की एकदम पाचव्यात, असं सगळा चढभर चाललं होतं आणि प्रत्येक वेळी इंजिन ओरडायचं. बायकोने विचारलं, "गाडीला काही झालंय का?"

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. इंजिन तेच, गियरबॉक्स तोच, फक्त टायर मोठे झाले होते आणि ॲक्सलमधले, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसातले, गियर जुन्याच टायरच्या हिशेबाचे राहिले होते. अमेरिकेत आपल्यातली बरीच मंडळी आता रँग्लर घेतात, ३५ टाकतात, आणि मग "पिकअप मेला" म्हणून फोन करतात. पुण्यातले थारवाले मित्रही हेच विचारतात, त्यांचं उत्तर जरा वेगळं आहे, त्यावर पुढे येतो. तर एकदा नीट बसून लिहितोय.

आधी टायर मोठा झाला की नक्की होतं काय ते बघू. भरलेली बादली हात अंगाशी ठेवून धरा, आणि मग तीच बादली हात लांब करून धरा. वजन तेवढंच, पण खांदा लगेच भरून येतो. टायर म्हणजे तो हात. ॲक्सल मधोमध फिरवतो आणि रस्त्याला ढकलायचं काम होतं टायरच्या कडेला, ती कड जितकी लांब तितका तेवढ्याच पिळाचा रस्त्यावरचा जोर कमी. टायरचा व्यास ९ टक्के वाढला तर रस्त्यावरचा जोर साधारण ८ टक्क्यांनी उतरतो, आणि हे प्रत्येक गियरमध्ये, कायमचं. वर टायर स्वतः जड, एकेक आठ-दहा किलोने जास्त असू शकतो, आणि ते वजन बाहेरच्या कडेला असल्यामुळे फिरवायलाही जड आणि थांबवायलाही जड. ब्रेकलाही हाच लांब हात आडवा येतो, म्हणून मोठ्या टायरवर गाडी थांबायला जरा जास्त अंतर घेते, ते ध्यानात असू द्या.

आता ॲक्सलच्या आत काय आहे. पुढून प्रोपेलर शाफ्ट येतो, म्हणजे गियरबॉक्सची फिरक ॲक्सलपर्यंत आणणारा लांब दांडा, त्याच्या टोकाला एक छोटा दातेरी गियर असतो, पिनियन, आणि तो एका मोठ्या चकतीसारख्या गियरला फिरवतो, तो क्राउन. आपल्याकडचे मेकॅनिक दोन्ही मिळून "क्राउन-पिनियन" म्हणतात. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते, झाला रेशो. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ असतील तर ३.७३. ४१ आणि १० तर ४.१०. ४१ आणि ९ तर ४.५६. ३९ आणि ८ तर ४.८८. म्हणजे ४.५६ चा अर्थ एवढाच की शाफ्ट साडेचार फेऱ्यांहून जरा जास्त फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं.

इथे सगळ्यांचा एक घोळ होतो तो सोडवून टाकू. आकडा मोठा म्हणजे ओढायला ताकद जास्त, आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार. आकडा छोटा म्हणजे गाडी पळायला मोकळी, पण चढाला कमजोर. इंग्रजीत ४.८८ ला "लो" गियर म्हणतात आणि ३.४५ ला "हाय", त्यामुळे आकडा आणि शब्द उलटे पडतात आणि माणूस दुकानात चुकीचं बोलून बसतो. तिथे सरळ आकडाच सांगायचा.

मोठ्या टायरने जे घालवलं ते मोठ्या आकड्याने परत आणायचं, मूळ कल्पना एवढीच.

हिशेब माझ्याच गाडीवर करतो. रँग्लर जेएल, स्पोर्ट मॉडेल, ३.६ लिटरचं पेट्रोल व्ही-सिक्स, आठ गियरचा ऑटोमॅटिक, कंपनीचा रेशो ३.४५ आणि कंपनीचे टायर २४५/७५ आर १७. टायरचा व्यास काढायला रुंदी गुणिले टक्केवारी, ती दुप्पट करायची, २५.४ ने भागून इंच करायचे, आणि रिमचे इंच मिळवायचे. २४५ चे ७५ टक्के १८३.७५ मिलिमीटर, दुप्पट ३६७.५, म्हणजे १४.५ इंच, अधिक १७, झाले ३१.५ इंच. ज्याला सगळे ३५ म्हणतात तो ३१५/७० आर १७ याच हिशेबाने ३४.४ इंच निघतो, ३५ नाही. वजनाखाली टायर बसतो त्यामुळे प्रत्यक्षात अजून थोडा कमी. टायरवर छापलेल्या नावावर जाऊ नका, हिशेब करा, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

३४.४ भागिले ३१.५ म्हणजे १.०९, नऊ टक्के वाढ. माझा ३.४५ चा रेशो आता ३.१६ असल्यासारखा वागत होता. जुना जोर जसाच्या तसा परत हवा तर ३.४५ गुणिले १.०९, म्हणजे ३.७६ च्या आसपास हवं.

मग ३.७३ टाकलं की झालं काम? नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथे चुकतात. हा हिशेब फक्त व्यासाची भरपाई करतो. टायरचं जास्तीचं वजन, गाडी उंच केली असेल तर वाऱ्याचा अडथळा, पुढे लोखंडी बंपर आणि विंच, छतावर कॅरियर, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. स्वतः जीप कंपनीने काय केलं बघा. रुबिकॉनला, म्हणजे रँग्लरच्याच ऑफ-रोडसाठीच्या मॉडेलला, साधारण ३३ चे टायर येतात, २८५/७० आर १७, आणि रेशो ४.१०. कंपनीने २०२१ मध्ये त्याच रुबिकॉनला ३५ चं पॅकेज दिलं, एक्स्ट्रीम रिकॉन नावाचं, तेव्हा रेशो केला ४.५६. नुसत्या व्यासाच्या हिशेबाने ४.३१ पुरलं असतं, कंपनी त्याच्या पुढे गेली. फोर्डनेही ब्रॉन्कोच्या सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये ३५ च्या टायरबरोबर ४.७० दिलं. इंजिनियर मंडळींनी वॉरंटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन हे आकडे निवडलेत, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा सगळ्यात भरवशाचा संदर्भ आहे.

आता असं कोणीही विचारेल, आणि बरोबर विचारेल, की ऑटोमॅटिकमध्ये आठ गियर आहेत, चढ आला की तो खालचा टाकतोच ना, मग ॲक्सल उघडायचा खर्च कशाला? अर्धं खरं आहे. चढावर मधल्या गियरमध्ये शेवटी इंजिन तेवढ्याच आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) येतं, फक्त पाचव्याऐवजी चौथ्यात. पण दोन टोकांना इलाज नाही. खालच्या टोकाला पहिल्याच्या खाली गियरच नाही, त्यामुळे चढावर उभी गाडी उचलायची असेल किंवा दगडावरून इंचाइंचाने न्यायची असेल तर जे आहे त्यावरच भागवायचं, मॅन्युअल असेल तर हाफ क्लचवर खेळत बसायचं आणि क्लचचा जळका वास घ्यायचा. वरच्या टोकाला सातवा आणि आठवा इतके हलके होतात की गाडी ते धरूच शकत नाही, म्हणजे आठ गियरचे पैसे भरून सहा गियरची गाडी. आणि मधल्या मध्ये सारखी वर-खाली चालते त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलावरचा जोड, सुटा होऊन घसरत राहतो, त्याची उष्णता थेट गियरबॉक्सच्या तेलात जाते. त्या दिवशी बोगद्याजवळ मी ट्रान्समिशनचं तापमान बघत होतो, रोजच्यापेक्षा चांगलंच वर गेलेलं. रेशो बदलला की चाकाला तेवढाच जोर द्यायला शाफ्ट आणि गियरबॉक्सवर पीळ कमी येतो, वाढवायचं काम ॲक्सल करतो. गियरबॉक्सचं आयुष्य वाढतं, हा फायदा कोणी मोजत नाही.

तर आकडा निवडायचा कसा? मी म्हणेन कंपनीचं जुनं गणित परत आणण्याच्या मागे लागू नका. तुमचं इंजिन कुठल्या आरपीएमला खुश असतं आणि तुम्ही रोज कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेगाने असता, या दोन गोष्टी जुळवा.

त्यासाठी एक सूत्र वहीत लिहून ठेवा. आरपीएम बरोबर २०९ गुणिले वेग किलोमीटरमध्ये गुणिले ॲक्सल रेशो गुणिले गियरचा रेशो, भागिले टायरचा व्यास इंचात. २०९ हा आकडा फक्त किलोमीटर आणि इंचाची सांगड घालायला आहे. माझ्या गाडीचा आठवा गियर ०.६७ चा. ताशी १०५ किलोमीटर, म्हणजे इथले ६५ मैल धरू. कंपनीच्या टायरवर इंजिन साधारण १६१० ला होतं. ३५ टाकल्यावर तेच १४७५ ला उतरलं. ३.७३ ने १५९५, ४.१० ने १७५०, ४.५६ ने १९५०, ४.८८ ने २०८५.

आता या इंजिनाचा स्वभाव बघा. २८५ हॉर्सपॉवर येते ६४०० आरपीएमला आणि सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे पीळ, ४८०० ला. म्हणजे हे फिरायला आवडणारं इंजिन आहे, १४७५ ला ते झोपेत असतं, त्या आरपीएमवर समोरचा वारा आणि थोडा चढ आला की संपलं. त्यात उंचीचा मार. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, डेन्व्हरच मुळात ५२८० फुटांवर, आणि बोगद्यापाशी पोचेपर्यंत तिसरा हिस्सा ताकद हवेतच गेलेली असते. ह्यूस्टनमध्ये सपाटीवर राहणाऱ्या मित्राला याच गाडीत, याच टायरवर ४.१० मध्ये समाधान मिळू शकेल. मला नाही मिळणार.

याच्या उलट डिझेल. रँग्लरमध्ये काही वर्षं ३ लिटरचं इकोडिझेल यायचं, टॉर्क ४४२ पाउंड-फूट, आणि तोही १४०० पासूनच. त्या डिझेल रुबिकॉनला ३३ च्या टायरवर कंपनीने ३.७३ दिलं होतं, पेट्रोलला ४.१०. गाडी तीच, टायर तेच, इंजिन वेगळं म्हणून रेशो वेगळा. यावरून कळेल की "३५ ला अमुकच घ्या" असा सरसकट सल्ला देणाऱ्याने आधी इंजिन विचारायला हवं.

आणि गियरबॉक्सही. २०१२ पासूनच्या जुन्या जेके रँग्लरमध्ये पाच गियरचा ऑटोमॅटिक होता, त्याचा वरचा गियर ०.८३. त्या गाडीत ३५ वर ४.५६ टाकलं तर १०५ च्या वेगाला इंजिन २४०० च्या वर फिरतं. माझ्या गाडीत तोच ४.५६ मला १९५० ला ठेवतो. कोणी जुन्या जीपवाल्याने "४.५६ ने हायवेवर फार आवाज होतो" असं सांगितलं तर तो त्याच्या गाडीपुरतं अगदी खरं बोलत असतो, पण ते तुमच्या गाडीला लागू नाही. आधी स्वतःच्या गियरबॉक्सचे सगळे रेशो काढा, मग दुसऱ्याचा अनुभव ऐका.

ऑफ-रोडवाल्यांसाठी दुसरा आकडा महत्त्वाचा, क्रॉल रेशो, म्हणजे गाडी किती हळू रांगू शकते त्याचा आकडा. पहिला गियर गुणिले ट्रान्सफर केसची (गियरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा, त्यात हाय आणि लो असे दोन टप्पे) लो गुणिले ॲक्सल. माझ्या स्पोर्टचं ४.७१ गुणिले २.७२ गुणिले ३.४५, म्हणजे ४४. ४.५६ टाकल्यावर ५८. रुबिकॉनला ट्रान्सफर केसच ४ ची असते म्हणून तिचं कंपनीतूनच ७७. हे आकडे जाणवतात कसे ते सांगतो. इंजिन ७०० वर आयडल धरलं आणि कन्व्हर्टरची घसर सोडली तर ४४ ला गाडी ताशी २.६ किलोमीटरने सरकते, ५८ ला २ च्या आत. माणूस चालतो चार-पाचने. यूटामधल्या मोआबच्या खडकावर उतरताना या अर्ध्या किलोमीटरचा फरक असा असतो की आधी ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरून उतरायचो आणि आता गाडी स्वतः इंजिनावर रोखून धरते, पाय ब्रेकच्या वर नुसता तयार ठेवायचा, आणि पुढचं चाक कुठल्या दगडावर टेकतंय ते खिडकीतून मान काढून बघायला वेळ मिळतो.

फक्त क्रॉलच हवा असेल तर ट्रान्सफर केसमधली लो बदलण्याचा रस्ता आहे, पण त्याने हायवेवरचं दुखणं जात नाही, कारण हायमध्ये ती सरळ एकास एक असते. जिप्सी याला अपवाद. तिचा ट्रान्सफर केस गियरबॉक्सपासून सुटा आणि हायमध्येसुद्धा थोडं रिडक्शन देणारा, त्यामुळे जिप्सीची भावंडं असलेल्या सामुराई बाळगणारे लोक ॲक्सलला हात न लावता ट्रान्सफर केसमधलेच गियर बदलून दोन्ही कामं करून घेतात. फार सुंदर सोय आहे ती.

मग सगळे जण सरळ ५.१३ का टाकत नाहीत? कारण मोठ्या आकड्याची किंमत पिनियन मोजतो. क्राउनचा व्यास तर घराच्या मापाने ठरलेला, तो वाढवता येत नाही, मग आकडा वाढवायचा तर पिनियनचे दाते कमी करायचे, ११ चे ९, ९ चे ८, आणि पिनियन अंगाने बारीक होत जातो. दुकानात एकदा ३.७३ चा आणि ४.८८ चा पिनियन शेजारी-शेजारी हातात घेऊन बघा, एक मुठीएवढा जाडजूड आणि दुसरा पेरूच्या फोडीसारखा निमुळता, बघूनच कळतं कुठला आधी तुटेल. एका वेळी क्राउनला भिडणारे दातेही कमी. रुबिकॉनला मोठे डाना ४४ ॲक्सल असतात, त्यात ४.८८ निर्धास्त चालतं. माझ्या स्पोर्टला पुढे डाना ३० च्या वर्गातला आणि मागे डाना ३५ च्या वर्गातला, म्हणजे लहान. म्हणून डोंगरात राहूनही मी ४.८८ चा मोह सोडला आणि ४.५६ वर थांबलो. मोठे ॲक्सल असते तर ४.८८ घेतलं असतं, यात मला जराही शंका नाही.

शाफ्टचंही बघावं लागतं. १२० च्या वेगाला आधी माझा प्रोपेलर शाफ्ट साधारण २७५० ने फिरायचा, आता ३३०० ने. गाडी उंच केल्यामुळे शाफ्टचा कोन वाढलेला असेल आणि जॉइंट जरा झिजलेला असेल तर जे थरथरणं आधी कधी जाणवलं नाही ते आता सीटखाली येतं. दोष गियरचा नसतो, गियरने तो उघडा पाडलेला असतो.

आणि फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये दोन्ही ॲक्सल बदलायचे, हे मी कितीदा सांगितलं तरी कोणी तरी विचारतंच की "आत्ता मागचा करतो, पुढचा पुढच्या वर्षी, चालेल का?" नाही चालणार. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, रेशो वेगळे असले तर एक ॲक्सल पुढे पळायला बघतो आणि दुसरा मागे ओढतो, मातीत टायर घसरून सुटका होते पण डांबरावर पीळ साठत जातो आणि जे सगळ्यात कमजोर ते तुटतं. ३.५४ आणि ३.५५ इतका फरक चालतो, तो कंपन्यांनीही ठेवलेला आहे. ३.४५ आणि ४.५६ म्हणजे फोर-व्हीलचा लिव्हर ओढायचाच नाही. जोपर्यंत दोन्हीचे पैसे जमत नाहीत तोपर्यंत एकालाही हात लावू नका.

पैशाचं म्हणाल तर मला दोन्ही ॲक्सल मिळून मिळालेली कोटेशन २००० ते ३००० डॉलरच्या मधली होती, सेट, बेअरिंग, मजुरी धरून. सेट विकत घेण्याआधी कॅरियर विचारून घ्या. क्राउन ज्याच्यावर बोल्टने बसतो तो कॅरियर काही ॲक्सलमध्ये ठराविक रेशोपर्यंतच चालतो. जुन्या डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरियर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा, जुन्या डाना ३० मध्ये ही रेषा ३.५४ आणि ३.७३ च्या मध्ये. रेषा ओलांडली तर कॅरियरचा खर्च वेगळा, आणि तो करायचाच असेल तर त्याच वेळी लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा भाग) टाकून घेणं शहाणपणाचं, कारण मजुरी एकदाच लागते.

मजुरी इतकी का, तर काम घड्याळजीचं आहे. पिनियन किती खोल बसवायचा ते शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, टाकून ठरतं. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमध्ये ठेवायचा प्ले बहुतेक ॲक्सलमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाने सहा ते दहा असतो, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत. पिनियनच्या बेअरिंगवर किती ताण ठेवायचा ते वेगळ्या बारीक पान्याने मोजतात. मी बसून बघितलं ते काम. मेकॅनिकने दात्यांना हळदीसारखी पिवळी पेस्ट लावली, क्राउनला हाताने रोखत पिनियन फिरवला, आणि पेस्टमध्ये दात्यावर ठसा उमटला. ठसा दात्याच्या एका कडेला सरकलेला होता. सगळं परत उघडलं, दाबून बेअरिंग काढलं, केसाएवढी शिम बदलली, परत बसवलं, परत पेस्ट. चौथ्या वेळी ठसा दात्याच्या मधोमध लंबगोल आला तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला. मागच्या एका ॲक्सलला अख्खी सकाळ गेली. माझ्या एका मित्राने स्वस्तात काम करून घेतलं होतं, त्याच्या गाडीला ताशी ९० ला पाय सोडला की कण्हल्यासारखा आवाज यायला लागला आणि वर्षाच्या आत सेट परत बदलावा लागला. त्यामुळे गॅरेज निवडताना दर नंतर विचारा, आधी विचारा की ठशाचा फोटो काढून देणार का.

काम झालं की गाडीच्या कॉम्प्युटरला नवा रेशो आणि नवा टायर दोन्ही सांगावे लागतात. नुसते टायर मोठे केले आणि सांगितलं नाही तर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी १०९ ने जात असते, पोलिसाला ही सबब चालत नाही. आणि गियरबॉक्सला रेशो कळला नाही तर तो भलत्याच वेळी गियर टाकतो.

आता थारवाल्यांचं. तुमचे कंपनीचे टायर २५५/६५ आर १८, म्हणजे ३१ इंच. बहुतेक लोक जे २६५/७० आर १७ टाकतात ते ३१.६, वाढ दोन टक्के. यासाठी ॲक्सल उघडायची अजिबात गरज नाही. शिवाय २.२ लिटरच्या डिझेलला ३०० न्यूटन-मीटर १६०० ते २८०० मध्येच मिळतात, टर्बो आहे, उंचीचा मारही कमी. फक्त घाटात इंजिन १६०० च्या खाली पडू देऊ नका, टर्बो भरलेला राहील असा एक गियर आधीच खाली घ्या, बास. ३३ किंवा ३५ चा विचार असेल तर गियरच्या आधी कायद्याचा विचार करा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीमधल्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतात.

अमेरिकेत ज्यांनी अजून गाडी घेतलेलीच नाही आणि ३५ हवेच आहेत, त्यांना माझा आग्रह आहे की कंपनीकडून ३५ आणि ४.५६ लावूनच येणारी घ्या किंवा निदान ४.१० वाली जुनी रुबिकॉन शोधा. स्पोर्ट घेऊन, टायर, लिफ्ट, गियर, कॅरियर असं एकेक करत गेलं की बेरीज तिथेच जाते आणि ॲक्सल लहानचे लहानच राहतात.

गियर बदलून झाल्यावरचे पहिले ५०० मैल मात्र पथ्य पाळा. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल निवांत चालवायची आणि ॲक्सल पूर्ण गार होऊ द्यायचा, असं दोन-तीनदा, ट्रेलर ओढायचा नाही, लांब हायवे नाही. नवे दाते एकमेकांवर घासत बसत असतात आणि तेव्हा ते फार तापतात, पहिल्यांदाच जास्त तापले तर दात्यांचा कडकपणा जातो आणि मग आवाज कधीच सुटत नाही. ५०० मैलांना तेल बदलायचं. मी स्वतः गाडीखाली झोपून ॲक्सलच्या तेलाचा प्लग काढला, त्याच्या चुंबकावर करडी, काजळासारखी मऊ पेस्ट जमली होती, दोन बोटांत चोळून बघितली, कुठे कण टोचला नाही. ती पेस्ट ठीक असते. टोचणारा चकाकता तुकडा निघाला तर गाडी तिथेच उभी ठेवायची आणि ज्याने काम केलं त्याला फोन लावायचा. प्लग पुसला, नवं तेल भरलं, आणि त्याच शनिवारी परत आय-७० ने वर गेलो, तोच तंबू, तीच पोरं. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर गाडीने पाचवा धरला आणि बोगदा येईपर्यंत सोडला नाही.